मुक्त सॉफ्टवेअर वितरणासाठी गेमचे पॅकेज करताना परवान्यांचे प्रश्न कसे सोडवावेत

गेमच्या माहितीपत्रात ‘जीपीएल’ (मुक्त सॉफ्टवेअरचा एक प्रचलित परवाना) असे लिहिलेले असले, तरी ते बहुधा फक्त कोडबद्दल असते. चित्रे, आवाज, संगीत, फॉन्ट आणि नकाशे वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा झालेले असतात आणि डेबियन किंवा फेडोरासारख्या वितरणात (मुक्त सॉफ्टवेअरच्या एकत्रित संचात) पॅकेज अडते ते बहुतेक वेळा त्यांच्यापाशीच. आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’चा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला केला आणि १९९९ मध्ये तो जीपीएलखाली आणला, पण गेमचा मूळ डेटा मालकी हक्काचाच राहिला. ‘फ्रीडूम’ हा प्रकल्प ती उणीव भरून काढण्यासाठीच उभा राहिला.

म्हणून सर्वप्रथम संपूर्ण सोर्स उलगडून प्रत्येक फाइलची नोंद करावी: फाइल कोणाची, कोठून घेतली, परवाना कोणता आणि त्याचा पुरावा काय. कोडच्या फाइलींसाठी ‘लायसन्सचेक’सारखे साधन उपयोगी पडते, कारण ते फाइलीच्या सुरुवातीचा मजकूर वाचते, चित्र किंवा ध्वनीच्या फाइलीत असा मजकूर सहसा नसतो. तेथे श्रेयनामावली, फाइलीतील मेटाडेटा आणि ‘गिट’ या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातील इतिहास यांवरच भिस्त ठेवावी लागते. एखादी फाइल कोणी व केव्हा जोडली, हे समजले की पुढचा माग काढणे सोपे जाते.

यानंतर प्रत्येक परवाना वितरणाच्या निकषांवर तपासावा. डेबियनच्या १९९७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बदल करण्याची, पुनर्वितरणाची आणि व्यावसायिक वापराची मुभा आवश्यक आहे. त्यामुळे क्रिएटिव्ह कॉमन्सचे (कलाकृतींसाठी तयार परवाने देणाऱ्या संस्थेचे) ‘अव्यावसायिक’ किंवा ‘बदल नको’ असे कलम असलेले परवाने तेथे बाद होतात. याच कुटुंबातील श्रेय व समान-वाटणीचे परवाने ३.० आणि ४.० या आवृत्त्यांत चालतात, जुन्या आवृत्त्यांत चालत नाहीत. फेडोरा मात्र कोडव्यतिरिक्तच्या आशयाच्या बाबतीत बदलाच्या परवानगीचा आग्रह धरत नाही, म्हणून एका वितरणाचा निर्णय डोळे झाकून दुसऱ्याला लावू नये. ‘रॉयल्टी-फ्री’ या शब्दांनी तर पुष्कळ जणांची फसगत होते: त्यांचा अर्थ दर वापरामागे मानधन द्यावे लागत नाही, एवढाच. आणि जेथे परवानाच नाही, तेथे परवानगीही नाही असे समजावे.

परवाने परस्परांशी जुळतात का, हा पुढचा प्रश्न. केवळ जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली असलेला कोड अपाचे २.० परवान्याच्या लायब्ररीशी (तयार कोडच्या संचाशी) जोडता येत नाही. ‘किंवा नंतरची कोणतीही आवृत्ती’ हे शब्द असल्यास तिसऱ्या आवृत्तीखाली मार्ग निघतो. एफमॉडसारखी मालकी हक्काची ध्वनी लायब्ररी आढळल्यास तिच्या जागी ओपनएएल वापरणे शक्य आहे का, ते पाहावे. चित्रे वा संगीत जीपीएलखाली असेल, तर ‘बदल करण्यास सोयीचे मूळ रूप’ही द्यावे लागते, त्रिमितीय प्रतिकृतीवरून चित्र तयार केले असेल, तर ती प्रतिकृती मागून घ्यावी.

संशयास्पद फाइली उरल्या, तर मूळ लेखकाला पत्र लिहावे. खरे कौशल्य येथेच लागते. ‘ही फाइल आमच्या वितरणात घेऊ का?’ असा प्रश्न विचारू नये. त्याला ‘खुशाल घ्या’ असे प्रेमळ उत्तर आले, तरी ती परवानगी केवळ विचारणाऱ्यापुरती ठरते आणि एकट्या डेबियनला दिलेली सवलत डेबियनच्याच तत्त्वांत बसत नाही. फाइलींची नावे लिहून ‘या फाइली आपण अमुक परवान्याच्या अमुक आवृत्तीखाली सर्वांना उपलब्ध करून देत आहात का?’ असे विचारावे, शक्यतो प्रकल्पाच्या सार्वजनिक नोंदवहीत, म्हणजे उत्तर सर्वांना पडताळता येते. एका फाइलीवर अनेकांनी काम केले असेल, तर सर्वांची संमती लागते. प्रकल्पप्रमुखाचा होकार पुरत नाही. ‘वॉरझोन २१००’ या गेमचा सोर्स २००४ मध्ये जीपीएलखाली आला, तरी त्यातील चित्रफितींबाबतची संदिग्धता २००८ च्या खुलाशानंतरच दूर झाली. तेव्हा विचारण्याबरोबर धीरही धरावा.

उत्तर न आल्यास फाइल बदलावी किंवा काढावी. काढताना ती तयार पॅकेजमधून वगळणे पुरेसे नाही, कारण वितरण सोर्सचीही प्रत पुरवते. मूळ संग्रह, म्हणजे सोर्सच्या फाइलींचा गठ्ठा, त्या फाइलीशिवाय नव्याने बांधावा. डेबियनमध्ये अशा आवृत्तीच्या क्रमांकाला ‘डीएफएसजी’ (डेबियनच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या इंग्रजी नावाचे लघुरूप) असा प्रत्यय जोडण्याची रीत आहे. गेमचा कोड मुक्त असूनही तो अमुक्त डेटाविना चालत नसेल, तर त्याची जागा ‘मेन’ या मुख्य विभागात नसून ‘कॉन्ट्रिब’ विभागात असते. ‘ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स’वर बेतलेला ‘ओपनटीटीडी’ हा गेम एके काळी तेथेच होता. ‘ओपनजीएफएक्स’ ही मुक्त चित्रे उपलब्ध झाल्यावर त्याला मूळ गेमच्या चित्रांची गरज उरली नाही.

शेवटी हे सारे निष्कर्ष पॅकेजच्या कॉपीराइट फाइलीत फाइलवार नोंदवावेत आणि लेखकांची उत्तरे, त्यांच्या संमतीने, सोबत जोडावीत. पॅकेज प्रथमच दाखल होते तेव्हा डेबियनचे एफटीपी-मास्टर (नवी पॅकेजे तपासून स्वीकारणारा गट) हीच फाइल बारकाईने पाहतात. पुढील प्रत्येक आवृत्तीच्या वेळी जुन्या व नव्या संग्रहातील फाइलींच्या याद्या ताडून पाहाव्यात आणि श्रेयनामावलीत नोंद नसलेले एखादे नवे गाणे दिसल्यास, त्याचा परवाना कळेपर्यंत ती आवृत्ती पुढे पाठवू नये.