मोडाच्या नाचणीतील अमायलेज कसे मोजावे: डीएनएसए पद्धतीची कृती

मोड आणून वाळवलेल्या नाचणीच्या पिठाची लापशी साध्या नाचणीच्या लापशीपेक्षा पातळ होते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत बाळाच्या पोटात अधिक पीठ जाऊ शकते. हा फरक घडवते ते दाणा अंकुरताना वाढणारे अमायलेज हे विकर (एन्झाइम). ते पिष्टाच्या (स्टार्चच्या) लांब साखळ्या तोडते आणि प्रत्येक तुटीच्या जागी एक नवे क्षपणक टोक, म्हणजे दुसऱ्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे क्षपण करू शकणारे टोक, मोकळे होते. ही टोके ठरावीक वेळात किती वाढली हे मोजता आले, तर विकराची सक्रियता आकड्यात सांगता येते. जैवरसायनशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना हा प्रयोग बहुधा लाळेतील अमायलेजवर करायला सांगतात. मला मात्र नाचणी अधिक चांगली वाटते, कारण तिच्या अर्कात स्वतःचीच साखर असते आणि त्यामुळे ब्लँक नळीचे, म्हणजे विकराचे काम न होऊ देता फक्त आधीचा रंग मोजणाऱ्या नळीचे, महत्त्व विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळते.

पद्धतीचे मूळ सोपे आहे. डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल, म्हणजे डीएनएसए, अल्कधर्मी द्रावणात क्षपणक शर्करेबरोबर तापवले की त्याच्या दोन नायट्रो गटांपैकी एकाचे क्षपण होऊन अमिनो गट तयार होतो आणि पिवळे द्रावण नारिंगी ते तांबूस-तपकिरी होते. जेम्स सम्नर यांनी १९२१ मध्ये हे अभिक्रियाकारक लघवीतील साखर मोजण्यासाठी मांडले. याच सम्नर यांनी पुढे १९२६ मध्ये युरिएज या विकराचे स्फटिक मिळवून विकर हे प्रथिन असते हे दाखवले आणि १९४६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आज प्रयोगशाळांत जे डीएनएसए वापरतात ते बहुतेक १९५५ च्या बर्नफेल्ड यांच्या किंवा १९५९ च्या मिलर यांच्या कृतीवरून आलेले असते. मिलर यांच्या कृतीत रंग गडद करण्यासाठी फिनॉल आणि विरघळलेल्या ऑक्सिजनचा त्रास टाळण्यासाठी सोडियम सल्फाइट असते. फिनॉल त्वचेला भाजते आणि विषारीही आहे, म्हणून वर्गातील कामासाठी मी बर्नफेल्ड यांची साधी कृती सुचवतो.

द्रावणे

१ ग्रॅम डीएनएसए २० मिलिलिटर २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थोडे कोमट करून विरघळवावे. दुसऱ्या चंचुपात्रात ३० ग्रॅम रोशेल मीठ, म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट, सुमारे ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून ते पहिल्या द्रावणात हळूहळू मिसळावे आणि एकूण आकारमान १०० मिलिलिटर करावे. हे द्रावण तपकिरी बाटलीत, घट्ट बुचाखाली ठेवावे, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड त्याचा अल्कधर्म कमी करतो. तळाशी गाळ दिसला तर वरचे द्रावण ओतून घेऊन काम भागवू नये. गाळ कोमट करून पुन्हा विरघळवावा, आणि विरघळत नसेल तर नवे द्रावण करावे.

बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे द्रावण, म्हणून ०.०५ मोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ५.५, घ्यावे आणि त्यात ५ मिलिमोलर होईल इतके कॅल्शियम क्लोराइड घालावे. अल्फा-अमायलेजला स्थिर राहण्यासाठी कॅल्शियम लागते. लाळेच्या प्रयोगातला पीएच ६.९ चा फॉस्फेट बफर इथे जसाच्या तसा उचलू नये. तो पीएच प्राण्यांच्या अमायलेजला मानवतो, धान्यातील अमायलेज किंचित आम्लधर्मी द्रावणात अधिक चांगले काम करते. शिवाय फॉस्फेटमध्ये कॅल्शियम घातले की कॅल्शियम फॉस्फेटचा पांढुरका साका बसतो.

विद्राव्य स्टार्चचे १ टक्का द्रावण प्रयोगाच्या दिवशीच करावे. १ ग्रॅम स्टार्च थोड्या थंड बफरमध्ये कालवून त्याची गुठळ्यांशिवाय पेस्ट करावी, ती उकळत्या बफरमध्ये ढवळत ओतावी, द्रावण नितळ दिसेपर्यंत उकळावे आणि गार झाल्यावर उडून गेलेल्या पाण्याची भरपाई करून बरोबर १०० मिलिलिटर करावे. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेल्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून गढूळपणा येतो आणि विकराला तो पदार्थ पूर्वीसारखा पचत नाही.

प्रमाण द्रावणासाठी माल्टोज वापरावे, ग्लुकोज नव्हे. डीएनएसएचा रंग केवळ टोकांच्या संख्येवर अवलंबून असता तर दोन्ही शर्करांनी मोलमागे सारखाच रंग दिला असता, पण तसे होत नाही. तापलेल्या अल्कलीत शर्करेचे आणखी विघटन होते आणि मोलमागे माल्टोजचा रंग ग्लुकोजपेक्षा गडद येतो. म्हणून उत्तर नेहमी ‘माल्टोज समतुल्य’ असे लिहावे लागते. बाटलीवरचे लेबलही नीट वाचावे. माल्टोज बहुधा मोनोहायड्रेट रूपात, म्हणजे रेणूमागे पाण्याच्या एका रेणूसह, मिळते, त्याचा रेणुभार ३६०.३ आणि निर्जल माल्टोजचा ३४२.३. मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम निर्जल माल्टोज हवे असेल तर मोनोहायड्रेट ४०० नव्हे, ४२१ मिलिग्रॅम तोलून १०० मिलिलिटर बफरमध्ये विरघळवावे.

अर्क काढणे

नाचणी रात्रभर भिजवून, पाणी निथळून, ओल्या फडक्यात दोन दिवस ठेवावी आणि अधूनमधून पाणी शिंपडत राहावे. मोड आल्यावर ती ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास वाळवावी. घरी आपण वाळलेले मोड खमंग वासासाठी भाजतो, पण इथे भाजू नये, कारण त्या उष्णतेने विकर निकामी होते. त्याच नाचणीचा भाजलेला एक आणि मोड न आणलेला एक नमुना सोबत ठेवला तर तुलना फार बोलकी होते. ५ ग्रॅम बारीक पीठ ५० मिलिलिटर थंड बफरमध्ये घालून, भांडे बर्फात ठेवून अर्धा तास ढवळावे आणि सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून वरचा नितळ भाग घ्यावा. सेंट्रीफ्यूज नसेल तर मलमलीतून आणि नंतर गाळणकागदातून गाळावे, मात्र पिष्टाचे कण अर्कात जाता कामा नयेत. अर्क बर्फावर ठेवावा आणि त्याच दिवशी वापरावा.

प्रमाण आलेख

माल्टोजच्या मूळ द्रावणाचे १, २, ४, ६, ८ मिलिलिटर भाग बफरने प्रत्येकी १० मिलिलिटर करावेत, आणि मूळ द्रावण स्वतः सहावे समजावे. या सहांपैकी प्रत्येकातून ०.५ मिलिलिटर नळीत घेतले की ०.२, ०.४, ०.८, १.२, १.६ आणि २.० मिलिग्रॅम माल्टोज मिळते. प्रत्येक नळीत ०.५ मिलिलिटर स्टार्च द्रावणही घालावे. पुष्कळ पुस्तकांत प्रमाण नळ्यांत नुसते पाणी घालायला सांगतात, पण चाचणीच्या नळीत जर स्टार्च असणार असेल तर प्रमाण नळीतही तो असलाच पाहिजे. सातव्या नळीत ०.५ मिलिलिटर बफर आणि ०.५ मिलिलिटर स्टार्च घ्यावे. हा अभिक्रियाकारकाचा ब्लँक, ज्यावर उपकरण शून्यावर आणायचे.

सर्व नळ्यांत १ मिलिलिटर डीएनएसए घालून, तोंडावर काचेची गोटी किंवा फॉइल ठेवून, त्या एकाच वेळी उकळत्या पाण्यात बरोबर ५ मिनिटे ठेवाव्यात. नंतर नळाच्या पाण्यात गार करून प्रत्येकीत १० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालावे, नळी उलटसुलट करून नीट मिसळावी आणि ५४० नॅनोमीटरवर शोषणांक, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते याचा आकडा, वाचावा. माल्टोजच्या वजनासमोर हे शोषणांक मांडले की प्रमाण आलेख तयार होतो. फिल्टरचा कलरिमीटर असेल तर हिरवा फिल्टर वापरावा. याहून कमी तरंगलांबीवर वाचन मोठे येते खरे, पण तिथे न वापरल्या गेलेल्या डीएनएसएचा स्वतःचा पिवळा रंगही शोषणात भर घालतो.

कालचा आलेख आज वापरण्याची सवय मला मान्य नाही. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते, पुण्यात त्याहून दोन-एक अंश खाली आणि महाबळेश्वरला आणखी खाली. त्यातच बाथमध्ये एकदम वीस नळ्या सोडल्या की पाण्याचा उकळा काही काळ बसतो. रंग किती येईल हे या तापण्यावर ठरते, म्हणून प्रमाण नळ्या आणि चाचणीच्या नळ्या एकाच बाथमध्ये, एकाच फेरीत असाव्यात.

आलेखाची रेषा बहुधा शून्यातून जात नाही. अगदी कमी साखरेच्या नळ्यांत रंग अपेक्षेपेक्षा फिका येतो, कारण द्रावणात विरघळलेला ऑक्सिजन थोडी साखर आधीच खर्च करतो. म्हणून रेषा ओढताना तिला जबरदस्तीने शून्यातून नेऊ नये, आणि ०.२ मिलिग्रॅमच्या खालचे उत्तर ग्राह्य धरू नये.

चाचणी

अर्क बफरने वीसपट विरल करून सुरुवात करावी. चाचणीच्या नळीत ०.५ मिलिलिटर स्टार्च घेऊन ती ३७ अंशांच्या बाथमध्ये ५ मिनिटे ठेवावी, त्याच तापमानाला आणलेला ०.५ मिलिलिटर विरल अर्क घालून लगेच घड्याळ सुरू करावे आणि बरोबर ५ मिनिटांनी १ मिलिलिटर डीएनएसए घालावे. डीएनएसए इतके अल्कधर्मी असते की विकर त्याच क्षणी थांबते, त्यामुळे उकळण्याची घाई करावी लागत नाही. अनेक नळ्या असतील तर अर्क तीस-तीस सेकंदांच्या अंतराने घालावा आणि डीएनएसएही त्याच क्रमाने, त्याच अंतराने घालावे, म्हणजे सर्वांना सारखी मिनिटे मिळतात. पुढची कृती प्रमाण नळ्यांसारखीच आहे.

आता विकर-ब्लँक. या नळीत आधी ०.५ मिलिलिटर विरल अर्क, मग १ मिलिलिटर डीएनएसए आणि शेवटी ०.५ मिलिलिटर स्टार्च घालावे. घटक तेच, फक्त क्रम असा की विकराला स्टार्च भेटण्यापूर्वीच ते मेलेले असते. अंकुरताना दाण्यातील पिष्ट काही प्रमाणात आधीच साखरेत बदललेले असते आणि ती साखर अर्कात उतरते. चाचणीच्या नळीत दिसणारा रंग या जुन्या साखरेचा आणि पाच मिनिटांत नव्याने तयार झालेल्या साखरेचा मिळून असतो. जुनी किती हे फक्त विकर-ब्लँक सांगतो. उकळून मारलेला अर्क ब्लँक म्हणून वापरण्याचीही पद्धत आहे, पण उकळताना अर्क आटतो आणि प्रथिने साकळून गढूळपणा येतो, म्हणून मी वरचा क्रमच पसंत करतो. प्रत्येक नमुन्याला स्वतःचा विकर-ब्लँक हवा; भाजलेल्या नाचणीचा ब्लँक कच्च्या नाचणीला चालणार नाही. ब्लँकचा रंग चाचणीच्या रंगाच्या निम्म्याहून अधिक येऊ लागला, तर अर्क थंडीत रात्रभर बफरविरुद्ध डायलिसिस करून, म्हणजे फक्त लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या पटलाच्या पिशवीत ठेवून, जुनी साखर काढून टाकावी.

चाचणी आणि ब्लँक प्रत्येकी तीन-तीन नळ्यांत करावेत. एखाद्या नळीचा रंग आलेखाच्या टोकापलीकडे गेला, तर ती नळी पाणी घालून फिकी करू नये. अशा नळीत डीएनएसए अपुरे पडलेले असू शकते किंवा स्टार्च संपत आलेले असू शकते, आणि पाण्याने यातले काहीच दुरुस्त होत नाही. अर्क अधिक विरल करून चाचणी पुन्हा करावी.

ही पाच मिनिटे आणि वीसपट विरलन माझ्या सांगण्यावरून स्वीकारू नयेत. एकदा २, ४, ६, ८, १० मिनिटांच्या नळ्या लावून माल्टोज वेळेच्या सरळ प्रमाणात वाढते आहे ना ते पाहावे, आणि दहापट, वीसपट, चाळीसपट विरल अर्कांची सक्रियता मूळ अर्काला हिशेबून सारखीच येते ना तेही तपासावे. चाळीसपटीच्या अर्काची सक्रियता दहापटीपेक्षा जास्त निघाली तर दहापटीच्या नळीत स्टार्च कमी पडू लागला होता असे समजावे.

हिशेब

चाचणीच्या शोषणांकातून विकर-ब्लँकचा शोषणांक वजा करावा आणि फरकाला रेषेच्या चढाने भागावे. रेषेचा छेदांक, म्हणजे ती शोषणांकाच्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा, इथे पुन्हा वापरू नये, कारण तो दोन्ही वाचनांत सारखाच असल्याने वजाबाकीत निघून गेलेला असतो. ही चूक वह्यांमध्ये फार वेळा दिसते आणि ती उत्तर एकाच दिशेने ढकलते. हे गणित तेव्हाच चालते जेव्हा दोन्ही वाचने रेषेच्या सरळ भागात असतात. ब्लँकचे वाचन ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेले तर सर्व नळ्यांत, प्रमाण नळ्यांसह, सारखीच थोडी माल्टोज घालून सगळी वाचने सरळ भागात आणावीत.

केवळ रीत दाखवण्यासाठी, समजा फरक ०.५० मिलिग्रॅम माल्टोजचा आला. ५०० मायक्रोग्रॅमला ३४२.३ ने भागले की १.४६ मायक्रोमोल मिळतात, ५ मिनिटांनी भागले की मिनिटाला ०.२९२ मायक्रोमोल. मिनिटाला १ मायक्रोमोल माल्टोज समतुल्य मोकळे करणारे विकर म्हणजे १ एकक धरले, तर नळीत ०.२९२ एकक होते. ०.५ मिलिलिटरने भागून आणि २० ने गुणून मूळ अर्कात मिलिलिटरला ११.७ एकके होतात. १ ग्रॅम पिठाचा अर्क १० मिलिलिटरमध्ये काढला होता, म्हणून ग्रॅमला सुमारे ११७ एकके. नळीत स्टार्च ५ मिलिग्रॅम होते आणि त्यातले दहाव्या हिश्श्याच्या आसपासच वापरले गेले, म्हणजे हे वाचन सुरुवातीच्या वेगाचे मानायला हरकत नाही.

या आकड्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. डीएनएसए फक्त टोके मोजते, ती कोणी तोडली हे सांगत नाही. बीटा-अमायलेज साखळीच्या टोकापासून एकेक माल्टोज कापते, त्यामुळे रंग भरपूर येतो, पण लापशीचा घट्टपणा त्या मानाने कमी उतरतो. अल्फा-अमायलेज साखळी मध्येच तोडते. थोड्याच तुटींनी लापशी पातळ होते आणि रंग मात्र कमी येतो. म्हणून लापशीविषयी काही सिद्ध करायचे असेल तर याच नमुन्यांवर आयोडीनची चाचणीही करावी, कारण लांब साखळ्या तुटल्या की आयोडीनचा निळा रंग फिका पडतो आणि ते मुख्यतः अल्फाचे काम दाखवते.

वहीत पीएच, तापमान, वेळ, स्टार्चचा प्रकार आणि टक्केवारी, प्रमाण शर्करा आणि अर्काचे विरलन हे सर्व सक्रियतेच्या आकड्याशेजारीच लिहावे. काम करताना गॉगल घालावा, पिपेटने कोणतेही द्रावण तोंडाने ओढू नये, आणि उरलेले डीएनएसए बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या, लेबल लावलेल्या बाटलीत जमा करून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्यावे.