मेंढ्या गाभडतात, उलटतात : कारण शोधताना होणाऱ्या चुका टाळा

दिवाळीच्या आगेमागे, बाजरी निघालेल्या रानात मेंढ्या बसवलेल्या असताना, एखाद्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळाच्या तळावर, आठवडाभरात चार-पाच मेंढ्या गाभडतात (त्यांचा गर्भ पडतो) आणि मग कारणांची चर्चा सुरू होते. कोणी कालच्या ज्वारीच्या फुटव्याकडे बोट दाखवतो, कोणी परवाच्या लांबच्या चालीकडे, तर कोणी शेजारच्या कपाशीवरील फवारणीकडे. यांपैकी एखादे कारण खरेही असू शकते. परंतु विषाणूजन्य आजाराचा संशय असेल, तर गेल्या दोन दिवसांबरोबरच गेल्या दोन-तीन महिन्यांतही शोध घ्यावा लागतो, कारण मेंढी आजारी पडते एका महिन्यात आणि नुकसान दिसते दुसऱ्याच महिन्यात.

चूक पहिली : तारखा न लिहिणे

खानदेशात बहुतेक दख्खनी मेंढ्या पहिल्या पावसाच्या सुमारास माजावर येऊन फळतात. मेंढीचा गाभणकाळ 147 ते 150 दिवसांचा असतो. म्हणजे 15 जूनला फळलेली मेंढी 9 ते 12 नोव्हेंबरच्या सुमारास विते. नेमक्या याच काळात, पावसाळ्यात आणि त्यानंतर, नीलजिव्हा म्हणजेच ब्लू टंग हा आजार जोर धरतो. भारतात या आजाराची पहिली नोंद 1964 मध्ये आपल्याच महाराष्ट्रात झाली. त्याचा विषाणू क्युलिकॉइडिस नावाची बारीक चावरी माशी पसरवते, जी चिखलात आणि ओल्या शेणात वाढते व तिन्हीसांजेला आणि पहाटे अधिक चावते.

या आजारात मेंढीला 105 ते 107 अंश फॅरनहाइटपर्यंत ताप चढतो, तोंड व ओठ सुजतात, नाकातून स्राव येतो आणि खुरांच्या वरच्या कडा लालसर होऊन मेंढी लंगडते. सौम्य आजारात मात्र मेंढी दोन दिवस मागे मागे राहते आणि पुन्हा चरू लागते, त्यामुळे ती आजारी होती हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. गाभ जातो तो कधी नुसत्या तापाने, तर कधी विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचल्याने. प्रयोगशाळेत वाढवून सौम्य केलेल्या विषाणूंनी गाभण मेंढ्यांत झालेले नुकसान अभ्यासले गेले आहे : साधारण 50 ते 55 दिवसांच्या गर्भात संसर्ग पोहोचला तर मेंदूच्या जागी पाण्याची पोकळी उरते आणि 75 ते 78 दिवसांच्या सुमारास पोहोचला तर मेंदूत लहान पोकळ्या राहतात. वरच्या उदाहरणातील मेंढीसाठी पहिली मुदत 4 ते 9 ऑगस्ट अशी येते. नोव्हेंबरात आंधळे, डोके झुकवून गोल फिरणारे किंवा उभेच न राहणारे कोकरू जन्मले, तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कळपात काय चालले होते हे वहीत पाहावे लागते, आणि ती वहीच नसते.

चूक दुसरी : सारा दोष मेंढीवर टाकणे

मेंढी दर 17 दिवसांच्या सुमारास माजावर येते. फळल्यावर ती 16 ते 18 दिवसांनी उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर गर्भ धरलाच नाही किंवा अगदी सुरुवातीला जिरला असे समजावे. पंचवीस-तीस दिवसांनी किंवा त्याहून उशिरा आणि अनियमितपणे उलटली, तर धरलेला गर्भ नंतर गेला असण्याची शक्यता वाढते. हा फरक ओळखण्यासाठी मेंढ्याच्या (नराच्या) छातीला तेलात कालवलेला रंग लावावा आणि दर 17 दिवसांनी तो बदलावा, म्हणजे मेंढीच्या पाठीवर लागलेल्या रंगावरून ती कधी उलटली हे कळते. हा उपाय स्वस्त आहे. तरीही तो फारसा कोणी करत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

कळपातील बऱ्याच मेंढ्या एकाच वेळी उलटू लागल्या, तर प्रथम नराकडे पाहावे. नीलजिव्हा, देवी, लाळ्या-खुरकूत यांपैकी कोणत्याही आजाराचा जोरदार ताप येऊन गेला की वीर्याची प्रत खालावते. नवे शुक्राणू तयार होऊन बाहेर येण्यास सुमारे दोन महिने लागत असल्याने, एप्रिलअखेर तापाने फणफणलेला मेंढा जूनमध्ये अंगाने धष्टपुष्ट दिसला तरी कामाचा असेलच असे नाही. देवीच्या पुटकुळ्या अंडकोषावर आणि कासेवरही येतात, म्हणून केवळ तोंड पाहून नर निवडू नये. नीलजिव्हेचा विषाणू वीर्यातूनही जाऊ शकतो; त्यामुळे एका वाड्याचा मेंढा दुसऱ्या वाड्याला उसना देण्याची पद्धत ऐन पावसाळ्यात तरी थांबवावी.

चूक तिसरी : लसीची वेळ आणि थंडावा चुकवणे

लस आजार पसरल्यावर टोचून उपयोग होत नाही. नर सोडण्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांतच लसीकरण उरकलेले असावे. नीलजिव्हेची आपल्याकडील लस मृत विषाणूंची असते आणि तिची दुसरी मात्रा साधारण चार आठवड्यांनी द्यावी लागते, हे बरेच जण विसरतात. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी, या आजारावरील लस मात्र जिवंत विषाणूंची असते. तिच्या एका मात्रेने तीन वर्षांच्या आसपास संरक्षण मिळते, पण भुसावळ-जळगावच्या 44 अंशांच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आलेली बाटली टोचली काय आणि पाणी टोचले काय, सारखेच. विरघळवलेली लस बर्फावर ठेवून तास-दोन तासांत संपवावी आणि जंतुनाशकाने धुतलेली सिरिंज वापरू नये. गाभणकाळाच्या शेवटच्या महिन्यात लस देणे आवश्यकच असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे, कारण पकडापकडीत आणि धक्काबुक्कीतही गाभ जातो.

चूक चौथी : प्रत्येक गाभडणे विषाणूच्या खात्यावर लिहिणे

ही चूक सर्वांत घातक आहे. ब्रुसेला आणि क्लॅमिडिया हे जिवाणू, तसेच टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी यांच्यामुळेही मेंढ्या गाभडतात, आणि हे आजार माणसालाही होतात. म्हणून पडलेला गर्भ व वार हातमोजे घालूनच उचलावी, नमुने काढून झाल्यावर ती चुना टाकून खोल पुरावी, कुत्र्यांपुढे फेकू नये आणि वाड्यावरील गरोदर बाईला अशा कामापासून पूर्णपणे दूर ठेवावे.

औषधांमुळेही घोळ होतो. अल्बेंडाझोल हे जंताचे औषध गाभणकाळाच्या पहिल्या महिन्यात दिले तर गर्भ जाऊ शकतो किंवा व्यंग येऊ शकते, आणि आपल्याकडे जंतनिर्मूलन नेमके जून-जुलैमध्ये, नर कळपात असतानाच केले जाते. त्याचप्रमाणे तापलेल्या मेंढीला लवकर उतार पडावा म्हणून डेक्सामेथासोन टोचले जाते; गाभणकाळाच्या अखेरीस या इंजेक्शनानेच मेंढी दिवस भरण्याआधी विते. अशा वेळी रोगाला बोल लावून काय उपयोग?

चूक पाचवी : दोन्ही आजारांना एकच उपाय

पीपीआर जवळच्या संपर्काने पसरतो, त्यामुळे बाजारातून आणलेली जनावरे तीन आठवडे वेगळी ठेवल्याने फायदा होतो. नीलजिव्हा माशीमुळे पसरत असल्याने नुसते वेगळे बांधून भागत नाही. वरकरणी निरोगी दिसणारी गाय-म्हैसही तो विषाणू बाळगून असू शकते. पावसाळ्यात वाडा शक्यतो उंच, कोरड्या जागी आणि उकिरड्यापासून दूर बसवावा. कडुनिंबाच्या पाल्याच्या धुराने माशा थोड्याफार हटतात, मात्र अंगावर टाकायचे कीटकनाशक डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

निदानासाठी 1962 या क्रमांकावर फोन करून फिरते पशुवैद्यकीय पथक बोलवावे. ताप असलेल्या मेंढीचे रक्त गोठू न देणाऱ्या नळीत घेऊन बर्फाच्या डब्यात ठेवावे, फ्रीजरमध्ये नव्हे. ताजी वार आणि गर्भही त्याच दिवशी द्यावा. प्रतिपिंडांची वाढ पाहण्यासाठी त्याच मेंढ्यांचे दुसरे रक्त दोन-तीन आठवड्यांनी लागते आणि तोवर वाडा तीन गावे पुढे गेलेला असतो. तेव्हा त्या दिवशी मुक्काम कोठे असेल हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे आणि रक्त घेतलेल्या मेंढ्यांच्या कानांतील बिल्ल्यांचे क्रमांक लिहून ठेवावेत.