यादवी युद्धातल्या पलटणीची सेवा-नोंद कशी वाचावी

अमेरिकन यादवी युद्धातल्या (1861–65) स्वयंसेवक पायदळ पलटणीची (रेजिमेंटची) सेवा-नोंद म्हणजे तारखा आणि गावांची नावं ठासून भरलेलं जेमतेम अर्धं पान. पहिल्या वाचनात काही हाती लागत नाही. 20वी मेन, म्हणजे मेन राज्याची 20वी पायदळ पलटण, समोर ठेवून बघू.

पहिलं काम, पूर्ण नाव लिहून घ्या. क्रमांक राज्यागणिक दिलेले असत. 20वी मॅसॅच्युसेट्सही होती आणि 20वी इंडियानाही. पायदळ की घोडदळ, तेही टिपा.

मग भरतीची तारीख आणि मुदत पाहा. आमची पलटण 29 ऑगस्ट 1862 ला पोर्टलंडमध्ये तीन वर्षांसाठी दाखल झाली. मुदतीकडे काणाडोळा करू नका. 2री मेन दोन वर्षांनी, 1863 मध्ये घरी गेली, पण तिच्यातल्या ज्यांनी तीन वर्षांच्या कागदावर सही केली होती ते अडकले. संतापलेल्या त्या शंभरावर शिपायांना 20व्या मेनमध्ये धाडलं गेलं. म्हणून एकच माणूस दोन पलटणींच्या याद्यांत सापडला तर दचकू नका. (याद्यांत कंपनी ‘जे’ मात्र शोधत बसू नका. पलटणीतल्या तुकड्यांना, म्हणजे कंपन्यांना, दिलेली अक्षरं ए ते के, पण ‘जे’ वगळून.)

आता ब्रिगेड, डिव्हिजन आणि कोअर टिपा, म्हणजे पलटण ज्यांत मोडत होती ती एकाहून एक मोठी दलं. इथे तिसरी ब्रिगेड, पहिली डिव्हिजन, पाचवी कोअर. सेनापतींचे अहवाल याच क्रमाने छापलेले आहेत, त्यामुळे ही साखळी नसेल तर सरकारने काढलेल्या युद्धाच्या अधिकृत कागदपत्रांच्या 128 ग्रंथांत माणूस हरवतो.

खरी मेख लढायांच्या यादीत आहे. यादीत नाव आहे म्हणजे पलटण लढलीच, असं धरू नका. अँटिटमच्या लढाईत 20वी मेन राखीव दलात उभी होती. चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईच्या वेळी सदोष लशीतून देवीची साथ पसरलेली, म्हणून तिला बाजूला काढून तारायंत्राच्या तारांवर पहाऱ्याला बसवलं. त्यानंतर दोन महिन्यांतच, 2 जुलै 1863 ला, गेटिसबर्गच्या लढाईत लिटल राउंड टॉप या टेकडीवर कर्नल चेंबरलेनच्या हाताखाली तिने उत्तरेच्या फौजेची डावी बाजू राखली. यादीत मात्र तिन्ही नावांना सारखीच एकेक ओळ मिळते. तेव्हा प्रत्येक नावापुढे त्या दिवसाची हानी लिहा, म्हणजे फरक आपोआप दिसेल.

नोंदीची शेवटची ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि मी ती सगळ्यात आधी वाचतो. 20वी मेन: लढाईत मेलेले व जखमांनी दगावलेले 147, आजाराने गेलेले 146.