पेठेतलं घर विकायला काढण्याआधी

पुण्याच्या नारायण पेठेतलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर माडी, एवढंच. वाड्याच्या वाटणीत आलेलं. तीन वर्षांपूर्वी जीव लावून दुरुस्त केलं. आता आईला जिना चढवत नाही, म्हणून विकतोय. गिऱ्हाईक दारात येण्याआधी काय काय करून ठेवावं लागतं, ते सांगते.

सुरुवात कागदांपासून. सिटी सर्व्हेच्या कचेरीतून प्रॉपर्टी कार्डाचा, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीचा, ताजा उतारा काढा. त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंद आधी. आत्याचा, बहिणीचा हिस्सा गृहीत धरू नका. त्या हक्क सोडणार असतील तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं, नाहीतर खरेदीखतावर त्यांच्या सह्या. घेणाऱ्याचा वकील तीस वर्षांचा सर्च काढतो, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासतो, त्यात हे निघतंच. जुना भाडेकरू असेल तर त्याने ताबा सोडल्याचा कागद शोधा. घरपट्टी भरलेली, वीजमीटर आपल्या नावावर, हे ओघाने आलंच.

मग दुरुस्तीची फाइल. माझा सगळ्यात जास्त आग्रह हिच्यासाठी आहे. नवा रंग सगळं झाकतो, म्हणून नवं काय नि जुनं काय, हे आपणच लिहून द्यावं. आमच्या भिंती विटा-चुन्याच्या. पूर्वी कोणीतरी त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला होता. आतली ओल कोंडली आणि मोरीच्या बाजूला रंगाचे पापुद्रे हाताने सोलून निघायचे. तो गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा केला. भिंत उघडी असतानाचे फोटो फाइलमध्ये लावलेत. माडीखालची एक सागवानी तुळई भिंतीत शिरते त्या टोकाला वाळवीने खाल्ली होती. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर भुगाच बाहेर आला. ती बदलली. बाकीच्या तुळया मूळच्याच, तसं लिहिलंय. नळ, वायरिंग, अर्थिंग नवं. शहाबादी फरशी जुनी, मुद्दाम ठेवलेली. कौलं मात्र दर मे महिन्यात चाळावी लागतात, तेही सांगायचं.

नदी जवळ आहे, तेव्हा पानशेत धरण फुटून आलेल्या पुराचा विषय निघणारच. १२ जुलै १९६१ ला पाणी कुठवर चढलं होतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा आणि विचारलं की सरळ सांगा.

बिलं जपून ठेवा, ती विक्रीच्या नफ्यावरच्या करातही उपयोगी पडतात. घर २००१ च्या आधीचं असेल तर मूल्यांकनकाराकडून १ एप्रिल २००१ चा भाव काढून घ्या. त्यानंतर घरात भर घालणारी जी कामं केली, त्यांचा खर्च दाखवता येतो. नुसती रंगरंगोटी त्यात धरत नाहीत. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर घेणारा किमतीतून एक टक्का टीडीएस, म्हणजे आपल्या नावे भरायचा कर, कापतो, म्हणून सगळ्या हिस्सेदारांचे पॅन तयार हवेत.

घर दाखवायचं ते सकाळी दहाच्या सुमाराला, चौकातून स्वयंपाकघरात ऊन येतं तेव्हा. आणि एकदा भर पावसातही बोलवा. मोरीची भिंत हात लावून बघू दे त्यांना.