संवेगाच्या गणितात संदर्भ चौकट कशी निवडावी

वडोदऱ्यातील अकरावी-बारावीच्या मराठी विद्यार्थ्यांना संवेग अक्षय्यतेचा नियम (बाहेरचे एकूण बल शून्य असेल तर एकूण संवेग, म्हणजे वस्तुमान × वेग, कायम राहतो) सहसा पाठ असतो. अडते ते दिलेला वेग कशाच्या सापेक्ष आहे हे ओळखताना. म्हणून समीकरण मांडण्यापूर्वी कोणत्या वस्तू हिशेबात धरल्या आणि वेग कोणत्या संदर्भ चौकटीतून, म्हणजे कशाला स्थिर मानून, मोजला, हे कागदावर लिहून ठेवावे.

वस्तू ठरवणे सोपे आहे. ज्या दिशेचा संवेग जुळवायचा, त्या दिशेने बाहेरचे एकूण बल शून्य हवे. १८६२ साली डभोई–मियागाम लोहमार्गावर गायकवाडी संस्थानाचे डबे बैल ओढत असत. तेथे केवळ डबा हिशेबात धरला, तर बैलांची ओढ हे बाहेरचे बल ठरते आणि त्याचा संवेग कायम राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

चौकटीचे काम अधिक नाजूक आहे. प्रतापनगरच्या रुळांवर १२० किलोग्रॅमची ट्रॉली ६० किलोग्रॅमच्या माणसासह सेकंदाला ३ मीटर वेगाने जात आहे आणि घर्षण नगण्य आहे, असे माना. माणूस मागे आडवी उडी मारतो व ट्रॉलीच्या सापेक्ष त्याचा वेग ४.५ होतो. येथे बरेच जण माणसाचा वेग ३ − ४.५ असा लिहून मोकळे होतात; परंतु उडी मारतानाच ट्रॉलीचाही वेग वाढतो, आणि ४.५ हा वेग त्या वाढलेल्या वेगाच्या सापेक्ष आहे. ट्रॉलीचा नंतरचा वेग 'व' मानल्यास माणसाचा वेग व − ४.५ होतो. सुरुवातीचा एकूण संवेग १८० × ३ म्हणजे ५४०; मग ५४० = १२०व + ६०(व − ४.५), म्हणजे व = ४.५, आणि जमिनीच्या सापेक्ष माणसाचा आडवा वेग शून्य.

ट्रॉलीलाच चौकट मानण्याचा मोह टाळावा, कारण उडीच्या वेळी तिला त्वरण असते आणि त्यामुळे ती जडत्वीय (स्वतः त्वरण नसलेली) चौकट राहत नाही. त्यापेक्षा वस्तुमान केंद्राची चौकट, म्हणजे दोघांच्या सामाईक वस्तुमान केंद्राबरोबर येथे सेकंदाला ३ मीटर वेगाने जाणारी चौकट, घ्यावी. माझ्या मते शक्य तेथे तीच पहिली निवड असावी. तीत एकूण संवेग शून्य असल्याने ४.५ चे वाटप वस्तुमानांच्या व्यस्त प्रमाणात होते: ट्रॉली पुढे १.५, माणूस मागे ३. दोन्हींत ३ मिळवले की जमिनीवरून दिसणारे ४.५ आणि ० परत मिळतात.

पडताळ्यासाठी गतिज ऊर्जा काढावी. जमिनीवरून ती ८१० वरून १२१५ ज्यूल होते, तर वस्तुमान केंद्राच्या चौकटीत शून्यावरून १३५ + २७० म्हणजे ४०५ ज्यूल. आकडे वेगळे असले तरी वाढ दोन्हीकडे ४०५ ज्यूलच आहे. ही वाढ जुळली नाही, तर बहुधा एखादा वेग दुसऱ्या चौकटीतून उचललेला असतो.