शफल ॲली नेमकी कुठे अडली, हे कसे शोधावे

शिकागोच्या युनायटेड मॅन्युफॅक्चरिंग या कंपनीने १९४९ साली ‘शफल ॲली’ नावाचा खेळ बाजारात आणला आणि पुढे त्या साऱ्या जातीलाच ते नाव चिकटले. लांब लाकडी पट्टीवरून पोलादी चकती सरकवायची, टोकाला लोंबणाऱ्या दहा पिनांखालून ती गेली की पिना वर उचलल्या जातात आणि मागच्या उभ्या पेटीवर गुण लागतात, एवढाच खेळ. बॅली, शिकागो कॉइन, विल्यम्स या शिकागोच्याच कंपन्यांनीही असे खेळ काढले. १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या या यंत्रांत एकही चिप नसते. बेरीज, स्ट्राइक (पहिल्याच फेकीत दहाही पिना) आणि स्पेअरची (दोन फेकींत मिळून दहाही) आठवण, पुढची पाळी कोणाची, हा सगळा हिशेब रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), स्टेपर (एकेक पायरी सरकत मोजणारी यंत्रणा) आणि एका मोटरवर फिरणारे, स्विच दाबत जाणारे कॅम मिळून करतात. म्हणूनच साधा मल्टिमीटर, थोडे सोल्डर आणि भरपूर सबुरी असलेला माणूस घरच्या तळघरात हे यंत्र पुन्हा चालू करू शकतो.

जुने यंत्र घरी आल्यावर पहिला मोह होतो तो स्विचमधला दिसेल तो संपर्कबिंदू घासण्याचा आणि तो बिंदू धरणारी, दिसेल ती धातूची पत्ती वाकवण्याचा. हा मोह आवरावा. कारखान्यात नीट बसवलेल्या शेकडो पत्त्यांपैकी बिघडलेल्या बहुधा चार-पाचच असतात. सरसकट हात फिरवला, तर त्या चार-पाचांच्या जोडीला आपण केलेले वीस नवे दोष शोधत बसावे लागते. हे यंत्र प्रत्येक काम ठरलेल्या क्रमाने करते आणि मागची पायरी पुरी झाल्याशिवाय पुढची घेत नाही. त्यामुळे ते जिथे थांबले, तिथेच चौकशी सुरू करावी.

वीज जोडण्यापूर्वी

अमेरिकेतल्या या यंत्रांना अनेकदा दोनच पिनांची जुनी वायर असते आणि तिच्यावरचे रबर तडकलेले असते. ती काढून अर्थिंग असलेली तीन पिनांची वायर बसवावी आणि अर्थिंगची तार पेटीतल्या धातूच्या भागांना व ट्रान्सफॉर्मरच्या चौकटीला पक्की जोडावी. यंत्राचा स्विच बंद असला तरी प्लग भिंतीत आहे तोवर त्या स्विचपर्यंत १२० व्होल्ट आलेलेच असतात, हे लक्षात ठेवावे. पिना पूर्ववत खाली आणणारी मोटर बरीच ताकदवान असते. त्या यंत्रणेत हात घालताना प्लग काढलेलाच हवा, कारण अर्धवट अडकलेली मोटर अडथळा दूर होताच एकदम फिरते.

प्रत्येक फ्यूज जागेवरून काढून मल्टिमीटरने तपासावा. नुसती तार अखंड दिसते म्हणून फ्यूज चांगला, असे समजू नये. फ्यूज धरणाऱ्या पितळी चिमट्यांची पकड सैल किंवा काळवंडलेली असेल, तर तेथे उष्णता तयार होते आणि योग्य फ्यूजही उगाच उडतो. आधीच्या मालकाने जास्त अँपिअरचा फ्यूज घातलेला आढळला, तर तो बदलून यंत्राच्या वायरिंगच्या आराखड्यात लिहिलेलाच बसवावा आणि पुढे कुठेतरी जळकी कॉइल (वीज मिळताच लोखंडी दांडा ओढणारे तारेचे वेटोळे) भेटेल, अशी मनाची तयारी ठेवावी. पेटी आणि मागचा उभा भाग यांना जोडणारे अनेक पिनांचे मोठे प्लग एकेक करून काढावेत, स्वच्छ करावेत व परत घट्ट बसवावेत. वाहतुकीत सर्वांत आधी सैल होतात ते हेच. त्यानंतर वीज देऊन ट्रान्सफॉर्मरचे व्होल्ट मोजावेत. दिव्यांसाठी साधारण ६ व्होल्ट असतात; कॉइलसाठी किती हवेत ते कंपनीनुसार बदलते, म्हणून आराखड्यावरचाच आकडा खरा मानावा.

आराखडा नसेल तर तो मिळेपर्यंत थांबलेले बरे. त्यात सर्व रिले वीज नसलेल्या स्थितीत आणि यंत्र नव्या खेळासाठी तयार असलेल्या स्थितीत काढलेले असतात, ही एक गोष्ट लक्षात घेतली की गोंधळ निम्मा कमी होतो.

मोटर फिरतच राहते

नाणे टाकल्यावर किंवा सुरुवातीचे बटण दाबल्यावर गुणांची मोटर सुरू होते आणि थांबायचे नाव घेत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे. फिरत्या आकड्यांची चाके असलेल्या यंत्रात रीसेटचा रिले सर्व चाके शून्यावर येईपर्यंत धरून ठेवलेला असतो, आणि प्रत्येक चाकाला शून्यावर आले की उघडणारा एक स्विच असतो. मोटर थांबत नाही, म्हणजे कोणते तरी चाक शून्यावर आलेले नाही, किंवा आले असूनही त्याचा स्विच उघडलेला नाही. पहिली शक्यता नुसती डोळ्यांनी पाहून कळते. दुसरीसाठी जाड कागदाची पट्टी घ्यावी आणि शून्याच्या स्विचच्या दोन बिंदूंमध्ये एकेका चाकावर सरकवत जावे. ज्या चाकाशी कागद सरकवताच मोटर थांबते, ते चाक दोषी. पोस्टकार्डाच्या तुकड्यावर भागणारी ही युक्ती या यंत्रांच्या दुरुस्तीत महागड्या उपकरणापेक्षा जास्त उपयोगी पडते.

चाक शून्यापर्यंत जातच नसेल, तर त्याची कॉइल ठोके घेते का ते ऐकावे. ठोका ऐकू येतो पण चाक पुढे सरकत नाही, तर दात पकडणारी खटकी झिजलेली आहे किंवा वाळलेल्या ग्रीसमुळे चाक जड झाले आहे. ठोकाच ऐकू येत नसेल, तर कॉइलच्या टोकांवरचे सोल्डर सुटले आहे का ते पाहावे. केसाएवढी तार टोकाशी तुटलेली अनेकदा सापडते आणि एक वेढा सोडवून ती पुन्हा जोडता येते.

पिना आणि पट्टीखालचे स्विच

पिनांखाली पट्टीच्या चिरांतून वर आलेल्या तारांवरून चकती जाते, तारा दबतात आणि खालचे स्विच क्षणभर मिटतात. चकती रुंद असल्यामुळे एका फेकीत बरेच स्विच दबतात, आणि एखादा गप्प असला तरी खेळ चालल्यासारखाच वाटतो. म्हणून लाकडी काडीने प्रत्येक तार स्वतंत्रपणे दाबून पाहावी. पट्टीवर टाकायची निसरडी पूड, जी हातात घेतली तर रांगोळीसारखी भासते, वर्षानुवर्षे या चिरांतून खाली झिरपते आणि स्विचवर थर साचवते. ती ब्रशने मोकळी करून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी. हवेच्या फवाऱ्याने उडवली तर ती शेजारच्या स्विचवर जाऊन बसते.

एक तार दाबली आणि पिन उचलली गेली नाही, तर प्रश्न दोन भागांत तोडावा. पिनेची कॉइल ओढली गेल्याचा आवाज आला असेल, तर वीज पोहोचली आहे आणि दोष खटका, स्प्रिंग किंवा वाकलेल्या बिजागरीत आहे. आवाज आला नसेल, तर दोष स्विच, तार किंवा कॉइलमध्ये आहे. पिन उचलली गेली पण गुण लागला नाही, तर पिनेची यंत्रणा निर्दोष आहे आणि तपास गुणांच्या बाजूला हलवावा. सगळ्याच पिना एकदम गप्प असतील, तर दहा ठिकाणी शोधण्याऐवजी त्या सर्वांना जोडणारी सामाईक तार आधी तपासावी.

स्टेपर

पाळी, फ्रेम (खेळातला एकेक डाव) आणि काही यंत्रांत गुणसुद्धा स्टेपरवर मोजले जातात. बॅकेलाइटच्या (जुन्या कडक प्लास्टिकच्या) तबकडीवर तांब्याचे रिव्हेट, त्यांवरून फिरणारी बोटे, पुढे ढकलणारी एक कॉइल आणि मागे खेचणारी स्प्रिंग अशी त्याची रचना असते. पन्नास-साठ वर्षांत त्यातले ग्रीस डिंकासारखे घट्ट होते. एखाद्या खेळाडूची पाळी वगळली जाणे, फ्रेम पुढे न सरकणे, नवा खेळ तिसऱ्याच फ्रेमपासून सुरू होणे, या सगळ्यांमागे हेच कारण असू शकते.

स्टेपर उघडण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढावेत, आणि स्प्रिंग सोडताना तिला किती वेढ्यांचा ताण दिलेला होता ते मोजून लिहून ठेवावे. जुने ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढावे, रिव्हेट बारीक पॉलिशपेपरने हलकेच उजळावेत व राहिलेली धूळ पुसावी. गंज सोडवण्याचे सर्रास मिळणारे फवारे येथे कटाक्षाने टाळावेत: ते पेट घेऊ शकतात आणि वाळल्यावर पुन्हा चिकट होतात. तबकडीवर अगदी पातळ वंगण पुरते. कॉइलच्या आत सरकणाऱ्या दांड्याला काहीही लावू नये.

तपासणीत बहुतेकांची एक चूक होते. ते स्टेपर शेवटच्या पायरीपर्यंत नेऊन सोडतात आणि तो झटकन परत आला की समाधान मानतात. पण तेथे स्प्रिंगचा ताण सर्वांत जास्त असतो. एकच पायरी पुढे नेऊन सोडावे. शून्याजवळ स्प्रिंग सर्वांत ढिली असते, आणि तेथूनही तो पूर्ण परत आला, तरच काम झाले म्हणावे.

स्ट्राइक आणि स्पेअरचा हिशेब

सर्वांत रंजक दोष येथे असतात. नेहमीच्या बोलिंगच्या गुणपद्धतीत स्ट्राइकनंतरच्या दोन फेकींचे गुण मागच्या फ्रेममध्ये मिळवायचे असतात, म्हणजे त्या दोन फेकी होईपर्यंत ‘स्ट्राइक झाला होता’ हे यंत्राने कुठेतरी धरून ठेवायला हवे. ते धरून ठेवण्याचे काम बहुधा रिले करतो: क्षणभराच्या विजेने तो ओढला जातो आणि मग स्वतःच्याच एका संपर्कातून स्वतःला वीज देत राहतो. तो संपर्क काळवंडला, की रिले टक् करून ओढला जातो आणि लगेच सुटतो. खेळाडूला पिना उचललेल्या दिसतात, पण बोनस मिळत नाही.

तपासासाठी हाताने तारा दाबून ठरावीक खेळ खेळावा. स्ट्राइक, मग ३ आणि ४: पहिल्या फ्रेमअखेर १७ आणि दुसऱ्या फ्रेमअखेर २४ यायला हवेत. स्पेअर, मग ५ आणि २: अनुक्रमे १५ आणि २२. बोनस मुळीच आला नाही, तर रिले धरला जात नाही. बोनस आला पण एक-दोन गुणांनी कमी, तर आठवण शाबूत आहे. मोटरच्या कॅमवरून येणारा एखादा ठोका चुकतो आहे किंवा आकड्याचे चाक तो गिळते आहे. सहा खेळाडूंच्या यंत्रात दोष एकाच खेळाडूला भोगावा लागतो की सहाही जणांना, हेही पाहावे. एकाच खेळाडूचा दोष असेल, तर पाळीच्या स्टेपरवरचा त्याचा रिव्हेट आधी तपासावा.

पत्ती वाकवण्याची वेळ येतेच, पण त्यापूर्वी पत्त्यांची चवड आवळणारे स्क्रू घट्ट करावेत. मधले इन्सुलेशनचे तुकडे जुने होऊन आकसतात, चवड सैल होते आणि मूळ अंतर बिघडते. पुष्कळदा स्क्रू आवळताच दोष जातो. तरीही वाकवायची असेल, तर पत्ती वाकवण्याच्या अवजाराने मुळाशी धरून वाकवावी. उघड्या बिंदूंत साधारण दीड मिलिमीटर अंतर असावे आणि मिटताना एक पत्ती दुसरीला थोडी पुढे रेटून किंचित घासली जावी, म्हणजे बिंदू स्वतःच स्वच्छ राहतात. चांदीच्या बिंदूंवर जाड कानस चालवू नये. गुळगुळीत बारीक घासणीचे दोन-तीन फेरे पुरेत. मोठ्या कॉइलच्या टंगस्टन बिंदूंना मात्र खरी कानस लागते.

जळालेली कॉइल बदलण्यापूर्वी ती का जळाली ते शोधावे, कारण चिकटलेला स्विच तसाच राहिला तर नवी कॉइल त्याच संध्याकाळी धूर सोडते.

कोणी हे यंत्र भारतात नेणार असेल, तर एक सूचना. २३० वरून १२० व्होल्टवर आणणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो फ्रिक्वेन्सी बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी घडवलेली मोटर ५० हर्ट्झवर साधारण एक षष्ठांशाने सावकाश फिरते आणि यंत्रातला मूळ ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. तासभर खेळल्यावर प्लग काढून त्याला हात लावून पाहावा.

शेवटी पट्टी पुसून पुडीचा पातळ थर द्यावा आणि सहा खेळाडूंचे दोन पूर्ण खेळ सलग खेळून पाहावेत. वाकवलेली प्रत्येक पत्ती, बदललेली प्रत्येक तार आणि त्या दिवसाची तारीख आराखड्याच्या कडेला पेन्सिलीने लिहावी, आणि आराखडा घडी घालून पेटीच्या आतच ठेवावा.