नोकरी सुटताना हिशेबाचे तपशील वेगवेगळे मागा

गोव्यातील वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यातून माणूस कमी केला जातो, तेव्हा शेवटचा हिशेब पुष्कळदा एकाच ठोक आकड्यात हाती येतो आणि करमाफ रकमेवरही कर कापला जाण्याची शक्यता राहते. म्हणून सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात.

१. थकीत पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी (सेवेबद्दल नोकरी सुटताना मिळणारी रक्कम), कामगारकपातीची भरपाई आणि नोटीशीऐवजीचा पगार यांचे आकडे लेखी व स्वतंत्र मागावेत.

२. ग्रॅच्युइटी व कपातीची भरपाई यांतून भविष्यनिर्वाह निधी किंवा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांची वर्गणी कापलेली नाही, हे पाहावे. या रकमा वर्गणीसाठीच्या वेतनात धरल्या जात नाहीत.

३. खासगी नोकरीत कायद्यातील सूत्रानुसार ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत, तर कपातीची भरपाई ५ लाखांपर्यंत करमुक्त असते. नोटीशीचा पगार मात्र पूर्ण करपात्र धरावा.

एक सावधगिरी आवर्जून सांगतो, कारण घाईत इथेच अधिक नुकसान होते: सलग पाच वर्षे पूर्ण होण्याआधी स्वतःहून नोकरी सोडून भविष्यनिर्वाह निधी काढला आणि रक्कम ५० हजार किंवा अधिक असली, तर साधारणपणे १० टक्के टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा कर) कापला जातो. दुसरी नोकरी मिळणार असेल, तर तो नव्या खात्यात वळवावा. त्यावर कर लागत नाही आणि जुनी सेवाही पाच वर्षांत मोजली जाते.